सोर्सवाले सर

कॉलेजात एक माणूस असतोच, ज्याची आठवण सगळ्यांना फक्त कॉम्प्युटर अडला की येते. आमचे जळगावचे सर त्यातलेच, संख्याशास्त्राचे. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज बसवायचंय म्हटलं की त्यांच्या अंगात लग्नघरचा आचारी संचारतो. बाह्या वर, चष्मा वर, आणि पहिला प्रश्न, "व्हर्जन कोणतं?"

विंडोजवर पॅकेज बसवताना 'आर' कधीकधी विचारतं, तयार बायनरी आहे, पण सोर्स त्याहून नवा आहे; सोर्समधून बांधू का? शहाणा माणूस 'नाही' म्हणतो आणि चहाला जातो. सर 'होय' म्हणतात आणि चहा तिथेच मागवतात.

"अरे भो, भरीत काय पार्सल आणून खातात? वांगी आपण आणायची, पऱ्हाटीवर भाजायची, ठेचायची..."

इथवर आलं की कळतं, घरात पऱ्हाटीच नाही. म्हणजे आरटूल्स नाही. सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान यांची कंपायलरं त्यात असतात, आणि 'आर'च्या आवृत्तीला जुळणारंच आरटूल्स लागतं. 4.3 ला 43, 4.4 ला 44. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही एवढं कोणी बघत नाही.

सोर्स आणि बायनरी यांत फरक काय, असं मी एकदा विचारलं. सरांनी थेट बहिणाबाईंना वेठीला धरलं.

"बहिणाबाई म्हणजे सोर्स. लिहिता येत नव्हतं, पण सगळं तोंडात. सोपानदेव म्हणजे कंपायलर, त्यांनी उतरवलं. अत्र्यांनी उचलून धरलं आणि 1952 ला पुस्तक निघालं, ती बायनरी. आता सांग, एखादा शब्द अडला तर कुठे जाशील? त्यांच्या माहेरी, आसोद्यालाच ना?"

मी मान हलवली. सोपानदेवही कवीच होते, नुसते कंपायलर नव्हते, हे मला धुळ्याच्या गाडीत, एरंडोल गेल्यावर सुचलं.

माझं स्वतःचं प्रकरण एलएमई-फोर नावाच्या पॅकेजचं. कपाशीच्या प्लॉटांचा डेटा होता. मधेच मी उत्साहाने 'मॅट्रिक्स' पॅकेज नवं केलं. एलएमई-फोर बांधलेलं जुन्या मॅट्रिक्सवर, दोघांचं पटेना. लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने जळगाव गाठलं.

"काय करू राहिला भो? मोडल्यावरच येतोस."

सोर्समधून बांधायला घेतलं. मेक सापडेना. आरटूल्स उतरवायला घेतलं, तर लाइट गेली. सरांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरलं. पुन्हा सुरू केलं, तर मघाच्या अर्धवट प्रयत्नाचं '00लॉक' नावाचं फोल्डर आडवं आलं. सरांनी ते उडवलं. मग जी प्लस प्लसच्या ओळी पडद्यावरून असल्या धावू लागल्या की सुट्टीत गावाला निघालेली पोरं बरी. शेवटी लाल अक्षरांत, 'नॉन-झिरो एक्झिट स्टेटस'.

"म्हणजे नापास," सर म्हणाले. "इथे शून्य मिळालं तर पास." आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला हे सांगताना केवढा आनंद झाला होता!

थट्टा आपल्या जागी, पण सरांचं खरं कसब मला तेव्हा दिसलं. आम्ही सगळे शेवटची ओळ वाचून हातपाय गाळतो. सर शांतपणे वर वर सरकवत जातात, पहिली 'एरर' जिथे पडली तिथपर्यंत. त्या ओळीत दुसऱ्याच एका पॅकेजचं नाव होतं, तेही माझ्याकडे जुनं. ते नवं केलं, पुन्हा बांधलं. हेडर फायलींचा हा ढीग असल्याने बराच वेळ गेला. सरांनी तेवढ्यात दुसरा चहा आणि माझ्या संशोधनातल्या तीन चुका संपवल्या. आणि कधी नव्हे ते त्यांचं 'होय' बरोबरही होतं. त्या वेळी सोर्समधून बांधणं हाच उतारा होता.

पॅकेज बसलं तेव्हा धुळ्याची माझी गाडी निघून गेली होती. तुम्हाला सरांकडे जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, आणि आपल्या 'आर'चं व्हर्जन कागदावर लिहून न्या. पाणी ते त्यानंतर विचारतात.