पाळक कसा होतो : आत्याबाईंच्या शंकांना सविस्तर उत्तर

इंग्लंडच्या चर्चमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत : डीकन, प्रीस्ट आणि बिशप. सूनबाई, म्हणजे आत्याबाईंच्या भाच्याची बायको, मागच्या वर्षी पहिली पायरी चढल्या, यंदा जूनअखेर दुसरी चढतील. तिसरीचा विषय घरात कोणी काढत नाही. शनिवारी फोनवर आत्याबाईंनी "चांगली नोकरी सोडून पोरगी जोगीण झाली म्हणे" असा सूर लावला. त्यावरून ही बातमी पुण्याला पंचहौदापर्यंत थोरल्या काकांमार्फत गेलेली दिसते. बंड्या अमेरिकेला पोचला असे काकांनी अख्ख्या गल्लीला सांगितले तेव्हा तो अलिबागला होता, हे सर्वांना आठवत असेलच. तेव्हा सगळे क्रमाने सांगितलेले बरे. हे पत्र महिला मंडळात वाचून दाखवण्यास हरकत नाही; फक्त लोणच्याचा मजकूर गाळावा.

पहिली गोष्ट, पाळक व्हायचे असे माणसाने नुसते ठरवून भागत नाही. ते दुसऱ्यांना पटावे लागते. आधी गावचा पाळक, मग डायोसीजने (बिशपच्या प्रांताने) या कामासाठी नेमलेला अधिकारी, त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची निवड, असा हा प्रवास आहे. निवडीचे टप्पे दोन. पहिल्यात उमेदवार एकामागून एक मुलाखतकारांसमोर थोडा थोडा वेळ बसतो, तेही घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर. दुसऱ्यात दोन दिवस मुक्कामाला बोलावतात. प्रार्थना कशी करता, कर्ज किती आहे, घरात पटते का, राग आला की काय करता, असे सगळे विचारतात. पोलिसांकडची तपासणी वेगळी, ओळखीच्यांची पत्रे वेगळी. आत्याबाईंनी धाकट्या चुलत्यासाठी स्थळे पाहिली तेव्हाही इतकी चौकशी झाली नव्हती. झाली असती तर बरे झाले असते, हे आत्याबाईंचेच मत.

निवड झाली की दोन-तीन वर्षे शिक्षण. कोणी कॉलेजात राहून पूर्णवेळ शिकते; नोकरीवाल्यांना संध्याकाळचे वर्ग, शनिवार-रविवार आणि अधूनमधून निवासी आठवडा. पदवी बहुतेक ठिकाणी डरहॅम विद्यापीठाची. सूनबाई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या बाटल्या बघून रात्री जेवणाच्या टेबलावर चर्चचा इतिहास लिहीत. त्या काळात या घरात खिचडीचे जेवढे प्रकार झाले तेवढे रुचिरातही नसतील. नोकरी आजही चालू आहे. इथे बिनपगारी पाळक ही रीतसर जात आहे : दीक्षा तीच, अधिकार तेच, पोट मात्र आपापल्या नोकरीवर भरायचे. पगारी पाळकाला जे मिळते त्यालाही हे लोक पगार म्हणत नाहीत. दुसरे काम न करता सेवा करता यावी म्हणून दिलेला तो भत्ता. बरोबर राहायला घर मिळते आणि निवृत्त झाले की ते सोडावे लागते.

"बाईमाणसाला मान देतात का?" हा आत्याबाईंचा दुसरा प्रश्न. बायकांना डीकन करण्यास इथे १९८७ मध्ये सुरुवात झाली. प्रीस्टची दीक्षा मिळायला १२ मार्च १९९४ उजाडला. त्या दिवशी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये ३२ बायका एकदम प्रीस्ट झाल्या. पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचे नाव जाहीर झाले. त्या मूळच्या नर्स, पुढे इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी झालेल्या. "म्हणजे हॉस्पिटलातूनच वर जायची वाट आहे", हा काकांचा निष्कर्ष त्याच दिवशी फोनवर आला. काही पॅरिश (चर्चचे स्थानिक विभाग) मात्र ठराव करून स्त्री पाळक नको म्हणू शकतात आणि म्हणतातही. मान देतात, पण सगळे देतात असे नाही. आपल्या ख्रिस्ती देवालयातल्या कमिटीपेक्षा फार निराळे चित्र नाही.

आता पार्सलाविषयी. आत्याबाईंनी पाठवलेले पार्सल पोचले. पैठणीचा स्टोल (पाळकाने विधीत घ्यायचा लांब पट्टा) सुखरूप आहे, लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली नाही आणि त्या दोन वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांत बांधण्याची बुद्धी झाली याबद्दल सर्वांनी देवाचे उपकार मानले. आत्याबाईंनी कस्टमच्या कागदावर स्टोलची किंमत खरी लिहिली, चौदा हजार रुपये. पाळकाच्या घरी जाणाऱ्या पार्सलावर खोटे कसे लिहायचे, हा विचार थोर होता. इथला नियम असा की परदेशातून आलेली भेट ३९ पौंडांपर्यंत बिनकराची. त्याहून महाग असेल तर पूर्ण किमतीवर वीस टक्के व्हॅट. शिवाय तो कर वसूल करण्याची तसदी घेतली म्हणून टपालवाल्यांचे आठ पौंड. एकूण बत्तीस पौंड भरून आपलीच भेट सोडवून आणावी लागली. रुपयांत हा आकडा साडेतीन हजारांच्या वर जातो. एवढ्यात पुण्यात झब्बा, चहा, रिक्षा आणि वर मिसळ झाली असती, हा हिशेब करायचा नाही असे या घरात ठरलेले आहे आणि तो रोज होतो.

३९ हा आकडा इथे दुसरीकडेही भेटतो. अँग्लिकन पाळकाच्या एकेरी बटणपट्टीच्या काळ्या झग्याला परंपरेने ३९ बटणे असतात. १५७१ सालच्या ३९ धर्मकलमांची ती खूण आहे असे सांगतात, आणि जे कलम पटत नाही त्याचे बटण उघडे ठेवावे असा पाळकांचा जुना विनोद आहे. चांगला शिवलेला झगा काहीशे पौंडांना पडतो. सूनबाईंनी तो एका निवृत्त पाळकाकडून घेतला आणि चार बोटे उंच केला. गळ्यातली पांढरी पट्टी मात्र साध्या प्लास्टिकची. ती हरवली तर भांडी घासायच्या साबणाची पांढरी बाटली कापून काम भागते. ही युक्ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण इथल्या प्रत्येक पाळकाला ठाऊक आहे, आणि या घरातल्या ओट्यावर तशी एक कापलेली बाटली उभी आहे.

स्टोल घालण्याची पद्धत पायरीवर ठरते. डीकन तो डाव्या खांद्यावरून तिरका घेतो, प्रीस्ट गळ्यातून दोन्ही बाजूंनी सरळ सोडतो. रंग ऋतूवर : सणांना पांढरा, पवित्र आत्म्याच्या आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल, उपवासकाळात जांभळा, उरलेल्या लांबलचक काळात हिरवा. आत्याबाईंचा स्टोल मोरपंखी आहे. दीक्षेसाठी पांढरा घालून येण्याची लेखी सूचना असल्याने त्या दिवशी तो चालणार नाही. पुढच्या रविवारपासून चालेल का, यावर चर्चच्या मागच्या बाकावर बैठक झाली. एक वॉर्डन (चर्चचे निवडून आलेले कारभारी) म्हणाले हिरवा आहे, दुसऱ्या बाईंनी खिडकीशी धरून निळा ठरवला, ऑर्गनवाल्यांनी दोघांचेही बरोबर असल्याचे सांगून भांडण लांबवले. शेवटी पदरावरच्या मोरांनी निकाल लावला, कारण मोर हे पुनरुत्थानाचे ख्रिस्ती चिन्ह फार जुने, रोमच्या भुयारी कबरींतही काढलेले. आता हिरव्या ऋतूत तो मंजूर आहे.

(इथे कुकर झाला आणि रोटाप्रमाणे केक भाजायचा होता, म्हणून मजकूर दुसऱ्या दिवशीचा. पूर्वी चर्चचे केक, संडे स्कूल आणि फुले पाळकाच्या बायकोकडे असत. बायकोच पाळक झाल्यावर ती खाती नवऱ्याकडे आली आहेत. आत्याबाईंच्या भाच्याच्या नानकटाईला जत्रेत दुसरे बक्षीस मिळाले. तूप कमी पडले होते हे कळवायची गरज नाही.)

वर पॅरिश म्हटले ती म्हणजे केवळ चर्चला येणारी मंडळी नव्हे. तो नकाशावर आखलेला प्रदेश आहे. त्यात राहणारा आणि स्थानिक मतदारयादीत नाव असलेला कोणीही, मग तो हिंदू असो, मुसलमान असो की काहीच न मानणारा, दर वसंतातल्या सभेत चर्चवॉर्डन निवडायला मत देऊ शकतो. बहुतेकांना हे ठाऊक नसते आणि चर्च ते फारसे ओरडून सांगतही नाही.

या जीवनातला सर्वांत चमत्कारिक भाग म्हणजे इमारतीचा कायदा. आठशे वर्षांच्या चर्चमध्ये उपासनेनंतर चहा होतो, पण पाण्याचा नळ नाही. कपबश्या ट्रेमध्ये घालून कबरींमधल्या पायवाटेने पलीकडच्या हॉलमध्ये धुवायला नेतात. सूनबाईंनी भोळेपणाने सुचवले की मागच्या कोपऱ्यात एक नळ आणि मोरी करू या. तेव्हापासून फाइल चालू आहे. चर्चच्या आत असा बदल करायचा तर 'फॅकल्टी' नावाचा परवाना लागतो आणि तो देणारा चान्सलर हा चर्चच्या न्यायालयाचा खराखुरा न्यायाधीश असतो. त्याआधी डायोसीजच्या सल्लागार समितीचे मत, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थांचे मत, दारावर नोटीस आणि हरकतींसाठी २८ दिवस.

पाइप न्यायचा त्या भिंतीच्या वर वटवाघळे राहतात. इंग्लंडात वटवाघूळ कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या बिऱ्हाडाला धक्का लावणे गुन्हा. तज्ज्ञ बाई संध्याकाळी खुर्ची टाकून बसल्या, किती बाहेर पडली ते मोजले आणि बिल दिले. दर रविवारी वेदीवरच्या लेंड्या झाडणे हे डीकनचे काम. वटवाघळांना मात्र फॅकल्टी लागली नाही.

पंचहौदाला राहणाऱ्या आत्याबाईंना चहापायी चौकशी बसण्याचे नवल वाटू नये. १८९० मध्ये तिथल्याच पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींसमोर चहा-बिस्किटे आली, गोपाळराव जोशींनी नावे छापून आणली, आणि प्रकरण शंकराचार्यांच्या चौकशीपर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत गेले. तिथे चहा प्याला म्हणून, इथे कप विसळायचे म्हणून. त्या मिशनमधल्या सिस्टर इथल्या वाँटेज गावाहून गेलेल्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला तो त्याच गावी, आणि ते या घरापासून बसने जाण्याइतके जवळ आहे. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताचे चर्च स्थापन होईपर्यंत आत्याबाईंचे देवालयही अँग्लिकनच होते. नाते असे दोन्हीकडून जुने आहे.

दीक्षाविधी २९ जूनच्या, म्हणजे संत पेत्राच्या सणाच्या आसपास होतो. आधी काही दिवस उमेदवार एकांतात, मौनात राहतात. त्या दिवसांत फोन उचलला नाही तर घाबरून काकांना कळवू नये. मग राजाशी निष्ठेची आणि बिशपच्या कायदेशीर आज्ञा पाळण्याची शपथ. विधीत बिशप जमलेल्या लोकांना विचारतात की यांना दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का, आणि लोकांनी मोठ्याने होकार द्यायचा. मग पवित्र आत्म्याला बोलावणारे जुने गीत आणि मस्तकावर हात. डीकनच्या वेळी एकटा बिशप हात ठेवतो. प्रीस्टच्या वेळी आजूबाजूचे सगळे प्रीस्ट गोळा होऊन हात ठेवतात, इतके की आतला माणूस दिसत नाही. जागा मोजक्या, म्हणून प्रत्येकाला ठरावीक पासच मिळतात. एक पास आत्याबाईंच्या नावाने मागून ठेवला आहे. गुडघ्यांचे, विमानाचे आणि व्हिसाचे सगळे माहीत असूनही मागितला. होकार देताना आपल्याकडचा एक तरी मोठा आवाज हवा होता. ऑर्गन इथे सुरेख वाजतो, पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन पेटीवर आणि झांजेवर, शेवटच्या कडव्याला लय वाढवून, असे कोणी म्हणत नाही. मागच्या नाताळात घरात म्हणून पाहिले तर तिघांत दोन सूर लागले.

डीकनला बाप्तिस्मा देता येतो, अंत्यविधी करता येतो. प्रभुभोजनाचा विधी, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद प्रीस्टकडे. म्हणून दीक्षेनंतरचे पहिले प्रभुभोजन हा गावाचा सोहळा असतो. त्या दिवशीच्या चहाला चकल्या द्यायच्या आहेत. भाजणी पाठवावी; कागदावर किंमत दोनशे रुपये लिहावी, ती खरीच आहे.

डीकन झाल्यापासून एकूण तीन-चार वर्षे सहायक म्हणून काम. त्यानंतर स्वतंत्र पॅरिश मिळालीच, तर आर्चडीकन नव्या पाळकाचा हात चर्चच्या दाराच्या कडीवर ठेवतो आणि पाळक आत जाऊन स्वतः घंटा वाजवतो. जितके टोल, तितकी वर्षे तो राहणार, अशी समजूत असल्याने सगळे गाव मोजत बसते. एक टोल दिला तर लोक नाराज, वीस दिले तर वॉर्डन घाबरतात. सूनबाईंचा बेत सातांचा आहे. काकांना दहा सांगितले आहेत.