निंदणीची भाजी

पिरंगुटहून लवासाकडे निघालं की वाटेत उरवडे लागतं. इथे प्लॉट घेतलेल्या पुणेकराला पावसाळ्यात एकच घोर असतो: लॉनमध्ये गवत माजलं. (लॉन हेही गवतच, पण ते विकत आणलेलं.) मग निंदायला गावातल्या बायका येतात. रोज ठरवून घेतात आणि उपटलेल्यातलं निम्मं पदरात बांधून घरी नेतात. टाकळा, कुर्डू, केना, आंबुशी. कचरा फुकटात गेला म्हणून मालक खूश.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारलं, "यातलं काय काय खाता?"

"खात न्हाय त्ये सांगते दादा, लवकर उरकंल."

दुसऱ्या दिवशी डबा आला. तांदळाची भाकरी आणि लसूण सढळ हाताने घातलेली टाकळ्याची भाजी. पुढे शिकवणीच सुरू झाली. टाकळा कोवळा आहे तोवरच खावा. फोडशीच्या पातींतला मधला जून दांडा काढून टाकावा. भारंगी कडू, तिचा पाला उकडून घट्ट पिळावा. डोंगरातली शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडाच्या फळांचा रस नाहीतर चिंच हवीच.

"चिंच किती?"

"घसा खाजणार न्हाय येवढी."

या पाककृतीला माप नाही, आणि घसा पणाला लावायचा तर सांगणारं माणूस भरवशाचं लागतं. रानभाजी ओळखीशिवाय खाता येत नाही. झाडाच्या आणि माणसाच्याही.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे कोथरुडातही पाळतात. आमच्याकडून बाकरवडी गेली. "तिखट कमी हाय," असा निरोप आला, पण पाठोपाठ कुर्डूही आला. व्यवहारात मी तोट्यात नाही.

भाद्रपदात ऋषिपंचमी आली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून पुण्याच्या मंडईत आपोआप उगवलेल्या पाल्याला एकाएकी भाव चढतो. एकाच मिसळीच्या भाजीसाठी माणसं पिशव्या भरभरून नेतात. उरवड्यात ती बांधावरच मिळते. पण आता नांगरट बहुतेक ट्रॅक्टरने होते. मग शेतातलं का चालू नये? शंका मी मावशींपुढे मांडली.

त्यांनी हातातला माठ खुडता खुडता विचार केला. "ट्रॅक्टरचं चालत आसंल. पर डिझेलचा वास मारतो, रुशींना सोसंल का?"