स्टेअरिंगच्या जोराविषयी स्टुटगार्टहून सविनय निवेदन

तीर्थरूप नाना व तीर्थरूप आई यांच्या चरणी स्टुटगार्ट येथील सर्व बालकांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथील बिऱ्हाडात जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेले स्टेअरिंग कोणत्याही वाहनाला जोडलेले नसून संगणकावरील मोटारशर्यतीच्या खेळाला जोडलेले आहे. तथापि ते फिरवणाऱ्याच्या हाताला उलट ओढ देते, आणि या ओढीलाच फोर्स फीडबॅक म्हणतात. ही ओढ चाकामागच्या डब्यातील विजेच्या मोटारीतून येते. स्वस्त प्रकारात ती दातेरी चक्रांमार्फत, मधल्या प्रकारात पट्ट्यामार्फत, आणि ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ नावाच्या महागड्या प्रकारात थेट मोटारीच्या दांड्यावरून हाती पोहोचते. घरातील चाक अर्थातच पहिल्या प्रकारचे आहे. अशा चाकाचा जोर साधारण २ न्यूटन-मीटर, म्हणजे त्याच्या कडेला दीड किलो वजन टांगल्याइतका असतो, आणि पॉवर स्टेअरिंग नसलेली एस.टी. खंबाटकीच्या घाटात वळवताना नानांच्या दंडांनी जे सोसले त्यापुढे तो हास्यास्पद आहे. पॉवर स्टेअरिंगने चालकाचे वाचवलेले श्रम परत मिळवण्यासाठी पुढच्या पिढीने युरो मोजावेत, याला प्रगती म्हणावे की काय, याचा निर्णय नानांवर सोपवलेला बरा.

मात्र चाक जड लागणे हा या यंत्राचा हेतू नाही. गाडी वळताना रस्ता टायरला बाजूने जो रेटा देतो, तो टायरच्या टेकलेल्या भागाच्या बरोबर मध्यावर न पडता किंचित मागे पडतो, आणि म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहते. पुढच्या टायरची पकड संपत आली की हा रेटा मध्याकडे सरकतो, सरळ होण्याची ओढ घटते, आणि टायर पुरते घसरण्याच्या थोडे आधीच स्टेअरिंग हलके पडते. पावसाळ्यात स्टेअरिंग हलके लागताच वेग उतरवावा, हा नानांचा नियम याच शास्त्रावर उभा आहे. खेळातील चालकाला खुर्चीत गाडीचा कल जाणवत नसल्यामुळे हा हलकेपणा हीच त्याच्या हातची मुख्य बातमी असते.

ती बातमी बुडवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ‘गेन’, अर्थात एकूण जोराचे प्रमाण, शेवटपर्यंत वाढवणे. आणि चिरंजीवांनी नेमके तेच केले होते. खेळाने मागितलेला जोर कमाल मर्यादेच्या वर गेला की वरचा सगळा भाग छाटला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. मग मध्यम वळण, तीव्र वळण आणि घसरण्याच्या बेतातले वळण ही तिन्ही हाताला सारखीच जड लागतात, जसे गणपतीच्या मांडवातला कर्णा पूर्ण सोडल्यावर निवेदकाचा आवाज गल्लीभर पोहोचतो, पण शब्द कोणालाच कळत नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असेटो कोर्सा’ या इटालियन खेळात अशा वेळी पडद्यावरची जोराची पट्टी लाल होते. ती सलग लाल राहू लागल्यास खेळातील गेन कमी करावा. चाकासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधला जोर घटवून हा दोष जात नाही, कारण छाटणी त्याआधीच, खेळात, झालेली असते. एखाद्या खड्ड्यावर पट्टी क्षणभर लाल झाली तर मात्र कोणी हळहळू नये.

या विषयाला गृहकलहाचीही एक बाजू आहे. नुर्बुर्गरिंग या १९२७ साली खुल्या झालेल्या शर्यतीच्या मार्गाचा सुमारे २०.८ किलोमीटरचा उत्तर फेरा जेवणाच्या टेबलावरून पार केला जात असता, कारुसेल नामक काँक्रीटच्या, आतल्या बाजूला कललेल्या वळणावर दातेरी चक्रे जी खडखड करतात ती टेबलाच्या पायांतून खालच्या मजल्यावर उतरते. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ मानली जाते, आणि खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंना कारुसेल ठाऊक असले तरी ते स्वतःच्या छतावर असावे असे वाटत नाही. सूनबाईंचा आक्षेप निराळा असून तो पोळपाटाला जागा न उरण्याविषयी आहे; त्याचे निराकरण कोणत्याही सेटिंगमध्ये आढळलेले नाही.

गेन उतरवल्यावर रस्त्याचे आणि कडेच्या उंचवट्यांचे जादा कंप शून्यावर आणण्यात आले, कारण ते बव्हंशी वरून भुरभुरलेला मसाला असतात आणि खडखडाटही तेच वाढवतात. डॅम्पिंग, म्हणजे चाक जितक्या वेगाने फिरवावे तितका वाढणारा विरोध, नाममात्र ठेवले आहे. ते वाढवल्यास सरळ रस्त्यावरची थरथर थांबते, पण हलकेपणाची बातमीही दडपली जाते. किमान जोराची सेटिंग मात्र थोडी वाढवावी लागली, कारण मध्याजवळच्या बारीक ओढी दातेरी चक्रांच्या घर्षणातच जिरतात. ती अति झाल्यास चाक हात सोडताच स्वतःच डावीउजवीकडे डोलू लागते.

चिरंजीवांचे मत असे की, खरा उपाय डायरेक्ट ड्राइव्ह हाच आहे, आणि त्या निधीसाठी ते लवकरच आजोबांना फोन करणार आहेत. जास्त जोराच्या मोटारीत छाटणीची मर्यादा वर सरकते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण पट्टी लाल दिसत असताना गेन न उतरवणाऱ्या चालकाला आणखी जोर देऊ नये, असे येथील वडील मंडळींचे एकमत आहे. तरी नानांनी फोनवर विरघळू नये.