सचिनच्या लेकाला लखनौला धाडलं हो!

ऐकलंत का? आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने अर्जुन तेंडुलकर देऊन टाकला! ज्याच्या बापाचा पुतळा वानखेडेवर उभा आहे, तो पोरगा लखनौला! आणि घरात घेतला कोण, तर पालघरचा शार्दुल ठाकूर. नोव्हेंबर २०२५च्या मध्याला ही बातमी आली आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळीचा भाव मागे पडला. दिवेआगरचा रस्ता विचारायला थांबलेल्या पाहुण्यांनाही आधी विचारणा झाली, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"घरचं पोर असं कुणी परक्याला देतं का?" एक काकू कळवळल्या. काकूंना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण सचिन कळतो. शिवाय आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत वाडीतला पोरगा पलीकडच्या वाडीकडून खेळला, तर त्याच्या आईला चार दिवस टोमणे ऐकावे लागतात. इथे तर अख्खा तेंडुलकर गेला!

सगळे याला साटंलोटं म्हणतायत. कागदोपत्री तसं नाही. दोन वेगळे रोखीचे व्यवहार आहेत. शार्दुल २ कोटींना आला, अर्जुन ३० लाखांना गेला. त्याच सुमारास मुंबईने कोलकात्याकडून मयंक मार्कंडे ३० लाखांनाच घेतला. म्हणजे एक डावखुरा वेगवान गेला नि एक लेगस्पिनर आला, गल्ल्याला खरचटलंसुद्धा नाही. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "शी! पोरांचा हिशेब असा करतात?" करतात, काकू. १६ डिसेंबर २०२५ला अबुधाबीत लिलाव होता आणि मुंबईच्या गाठीशी उरले होते अवघे २ कोटी ७५ लाख.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये तर अशाच अदलाबदलीवरून याहून मोठा बोभाटा झाला. फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना दिला आणि मुख्यतः अँथनी डेव्हिस घेतला. प्रेक्षकांनी महिनोन्‌महिने सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांच्याविरुद्ध "निकोला काढा" असा धोशा लावला. त्यांना अखेर ११ नोव्हेंबरला काढलंच. मुंबईकरांनो, निदान आपण इतके चिडलो नाही.

आता खरं बोलू. शार्दुल चेन्नईत असताना, १२ मे २०१९ला हैदराबादेत मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चेंडूवर २ धावा हव्या होत्या. मुंबईच्या मलिंगाने त्याला पायचीत केलं, मुंबई एका धावेने जिंकली. चषक आधीच मिळवून दिलेला माणूस सहा वर्षांनी पगारावर आला, असा हा प्रकार! चेष्टा सोडा. पालघरहून लोकलने ये-जा करत घडलेला हा गडी, रोहित शर्माप्रमाणेच प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या हाताखालचा. २०२१च्या ब्रिस्बेन कसोटीत ६७ धावा आणि ७ बळी, हे विसरायचं कसं? गेल्या मोठ्या लिलावात त्याला कुणी हात लावला नव्हता. लखनौने जखमी गोलंदाजाच्या जागी बोलावला, तर त्याने १० सामन्यांत १३ बळी घेतले. संघबदलाचा हा त्याचा तिसरा व्यवहार, म्हणजे पाहुणचाराची सवय आहेच. फक्त बुमरा, बोल्ट, चहर, हार्दिक यांच्या गर्दीत त्याला रोज जागा मिळेल, अशी आशा लावून बसू नका.

आणि अर्जुन? २०२१च्या लिलावापासून मुंबईकडे, आणि आयपीएलचे सामने किती, तर ५, बळी ३. तिकडे रणजीत गोव्याकडून पदार्पणातच शतक ठोकून बसला, तरी इकडे तो राखीवच. लखनौचे मोहसीन खान, मयंक यादव यांच्यामागे दुखापती लागलेल्या. तिथे डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला चेंडू हातात मिळण्याची शक्यता अधिक. मुंबईला भरवशाचा गडी मिळाला हे खरं, पण या व्यवहारात जास्त फायदा लखनौला गेलेल्याच पोराचा आहे.

काकूंना हे पटलेलं नाही.