सॅक छोटी, चादर मोठी

‘अल्ट्रालाइट’ स्लीपिंग बॅगची किंमत ऐकली की झोप दुकानातच उडते. सोलापूरकर मात्र सिद्धेश्वर एक्सप्रेसला पाठीवर सॅक नि काखेत चादर घेऊन चढतो. वजनाला भारीच, पण भौगोलिक मानांकनवाली! बर्थवर अंथरूण, खिडकीला पडदा, फलाटावर बसकण, परतताना मळक्या कपड्यांचं गाठोडं. सोबत कडक भाकरी; ती मोडली की समोरचा एनर्जी बारवाला दचकतो. त्याला चिमूटभर शेंगाचटणी द्यावी, फार विचारलं तरच जास्त. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर सगळ्या कपड्यांना लसणाचा वास.

साध्या सामानाची हीच गंमत वारीतही: आषाढीला लाखो वारकरी पंढरपूरला चालत येतात, पावसासाठी प्लास्टिकचा कागद घेऊन. सर आली की ब्रँडेड रेनकोटवालेही ‘माउली, जरा सरका’ म्हणत त्याच कागदाखाली शिरतात.