वर नेमकं काय आहे?

भुसावळ-खंडवा मार्गावर सावदा नावाचं स्टेशन आहे, पण सावदा गाव तिथून काही किलोमीटर लांब आहे. त्यामुळे स्टेशनच्या नावावर फार विसंबू नये, हे तिथल्या केळीपट्ट्यात शिकवावं लागत नाही. मुंबईकराला ते आता कळतंय. ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची मेट्रो 3 पूर्ण झाली. तिच्या 27 स्थानकांपैकी 26 जमिनीखाली आहेत. मुंबईकराची सारी दिशाबुद्धी ‘ईस्ट की वेस्ट’ या एका प्रश्नावर पोसलेली. भुयारात ईस्टही नाही, वेस्टही नाही. तिथे असतात अक्षरं-आकडे लावलेले दरवाजे. चुकीच्या जिन्याने वर आलं, की हवी ती इमारत वाहत्या रस्त्यापलीकडून दर्शन देते.

बाण आहेत, नकाशे आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत की! पण 1933 साली हॅरी बेकचा सरळ रेघांचा नकाशा लंडनच्या भुयारी रेल्वेने छापला, तेव्हापासून या जातीचे नकाशे गाडी कुठे बदलायची तेवढं सांगतात. वर काय आहे, ही त्यांच्या मते प्रवाशाची खासगी बाब. मग मोबाइल? भुयारात रेंज गेली, की त्यातला निळा ठिपका मागच्याच स्टेशनात ठाण मांडतो. सावद्याचा माणूस तिघांना विचारतो आणि दोघांचं जुळलं तरच पाऊल उचलतो. ही पद्धत मागास म्हणावी, तर पडताळणी यापेक्षा वेगळी काय असते? अडचण एवढीच, की ज्याला विचारावं त्याच्या कानात इअरफोन असतो, आणि तो काढून तोच विचारतो, “भाऊ, तुम्ही इथलेच ना?”