हात पुसा की हो!

अहो वहिनी, पाणी भरून झालं का? झालं असेल तर या जरा भिंतीपाशी. चार-पाच दिवसांनी नळ येतो तेव्हाच तुमचं दर्शन, एरवी तुम्ही आणि तुमचे ते ट्रॉलीवाले कारागीर. बसवल्या का सगळ्या? बरं झालं बाई. हँडल मात्र दांडीचीच घेतलीत ना? ती नुसती खोबणीची नाही ना? विचारते आपलं. कारण आहे.

हे बघा. धरा की हातात, ओले हात असले तरी चालतंय, त्यासाठीच आहे ते. नॅपकिन आहे, क्रोशाचा. हा वर पट्टा, पट्ट्याला काज, खाली हे बटण. पट्टा ट्रॉलीच्या दांडीतून घ्यायचा, बटण लावायचं, संपलं. आता ओढा. खसकन ओढा हो, लाजू नका! पडला? नाही ना? आपल्या घरात नॅपकिन दिवसभर कुठं असतो सांगा बरं. ह्यांच्या खांद्यावर, फ्रीजच्या डोक्यावर, नाहीतर सिंकखाली पायपुसणं होऊन. आणि आपण कणकेचे हात पुसतो गाऊनला.

हसताय का ते कळतंय मला. तुमचे धाकटे दीरही परवा हसले. म्हणाले, "काकू, सोलापुरात बसून टॉवेल विणताय? म्हणजे देवगडात बसून आंब्याचं इसेन्स उकळण्यातलीच गत!" हसू देत. तुमच्या घरात माग चालले, तुम्हाला हक्क आहे. तुमच्या सासऱ्यांनीच तर मला एकदा मागापाशी उभं करून दाखवलं होतं टॉवेल कसा होतो ते. दोन ताणे, एक तट्ट आणि एक ढिला. आडवे तीन धागे गेले की फणी त्यांना एकदम पुढं ठोकते आणि ढिल्या ताण्याचे फासे दोन्ही अंगांना उभे राहतात. पाणी पितात ते हे फासे. चादरीसारखंच आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय उगीच? त्या फाशांशी माझी सुई स्पर्धा करायला जात नाही हो. अंघोळीचा टॉवेल क्रोशाचा विणणारीला मी वेडी म्हणेन. भिजला की घागरीएवढा जड, आणि वाळायला दोन दिवस. पण हात पुसायचा वीतभर तुकडा, तोही जागच्या जागी लटकणारा, तो मागावर कोण काढून देणार मला?

खरं सांगू का, मला राग आहे वेगळाच. आपल्या लोकांनी क्रोशा शिकला तो झाकायला. आठवा की. रेडिओवर रुमाल, मग टीव्हीवर रुमाल, टीव्ही भिंतीला चिकटला तसा टीपॉयवर. तांब्यावर ती मणी लावलेली जाळी, मण्यांच्या वजनानं उडू नये म्हणून. खुर्चीच्या पाठीवर, उशीच्या कडेला, देव्हाऱ्याला तोरण. माझ्या रुखवतात आईनं पांढऱ्या बारीक दोऱ्याचे सहा रुमाल मांडले होते, अननसाच्या नक्षीचे. डोळे गेले तिचे त्यात. लग्नाच्या हॉलमध्ये बायकांनी हात लावून लावून पाहिले, "बाई गं, केवढी नाजूक सुई असेल" म्हणाल्या, आणि सासरी आल्यावर ते जे ट्रंकेत गेले ते डांबरगोळ्यांच्या संगतीतच म्हातारे झाले. एकाचाही कुणी उपयोग केला नाही. मीही नाही. काय म्हणून करायचा? त्यावर कप ठेवायचा तर डाग पडेल!

म्हणून मला हा नॅपकिन आवडला. हा मळलाच पाहिजे. ह्याला शेंगाचटणीचं तेल लागलं, हळद लागली तर ह्याचं सार्थक. पण लोकांना ते पटेल तर ना! माझ्या चुलत जावेला एक दिला, पिवळा, कडेला हिरवी ओळ. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले तर कुठं असावा? बाहेर शोकेसमध्ये! त्या काचेच्या बदकाशेजारी, बटण लावून. आणि ओट्यावर हात पुसायला फाटक्या बनियनचं फडकं. मी म्हटलं, अगं हे काय? तर म्हणते, "इतकं मेहनतीचं केलंयत वहिनी, खराब नाही का व्हायचं?" आता हिला काय सांगावं. दुसरीकडे आमच्या भिशीतल्या एकीची तऱ्हा. तिच्याकडे कामाच्या मावशींनी नॅपकिननं गॅसचा ओटा पुसला, तर हिनं भिशीत अर्धा तास तेच दळण दळलं. मी मनात म्हटलं, त्या मावशींना कळलंय फडक्याचं काम काय असतं ते.

डागाचं म्हणाल तर त्याला घाबरायचं कारण नाही. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि बायकांच्या पोटात गोळा येतो. धुवायचा आणि उन्हात टाकायचा, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. आणि ऊन आपल्याला काय विकत आणायचंय? एप्रिलात तर गच्चीवर दोन फेऱ्या मारेपर्यंत पापड वाळतो इथं.

फक्त दोरा बघून घ्यायचा. इथंच बायका घसरतात. दुकानात गेलं की समोर लोकरीचे गुंडे, काय ते रंग, मऊ मऊ, स्वस्त. आपण समजतो लोकर, असतं ॲक्रिलिक. त्याचा नॅपकिन दिसायला झकास, पण हात पुसा, पाणी एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जातं, बस्स. शिवाय गॅसशेजारी तसला लटकवू नका, आच लागली की ते वितळतं आणि चिकटतं. सूतही पेटतं म्हणा, म्हणून कुठलाच नॅपकिन बर्नरच्या बाजूला नको, सिंकच्या बाजूला घ्या. पण दोरा सुतीच. ओला झाला की सूत उलट मजबूत होतं, कितीही पिळा, गरम पाण्यात टाका, बिचारं तक्रार करत नाही.

सुतातही परत दोन जाती. तो चकाकणारा गुळगुळीत दोरा असतो ना, रुमालाचा, तो नको. आमच्या ह्यांना विचारू नका त्याबद्दल, विचाराल तर चहा थंड होईल. उभी हयात मिलच्या रंगखात्यात गेली त्यांची. मी आपलं "हा दोरा चमकतो कशानं हो?" एवढंच विचारलं, तर 1844 सालापासून सुरुवात! जॉन मर्सर म्हणून कुणी इंग्रज होता, तो सुती फडक्यातून कॉस्टिक सोडा गाळत होता, तर फडकं आकसून जाड झालं, त्यातून पुढं ते मर्सराइज्ड कॉटन निघालं. चमक मात्र त्याला सापडली नाही, ती नंतर, सूत ताणून धरून सोड्यात बुडवायला लागले तेव्हा. हे सांगेपर्यंत माझी भाजी लागली. आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचं की चकाकी रुखवताला, आणि हात पुसायला साधा, मऊ, कमी पिळाचा, बिनचमकीचा दोरा. चार पदरी मिळतो तो घ्या, दोन गुंडे शेजारी ठेवून दोन्ही धागे जोडीनं विणा, 4 मिलिमीटरची सुई. रुमालाची ती टोचरी स्टीलची सुई नव्हे हं, जाडी ॲल्युमिनियमची. सगळा मिळून 100 ग्रॅमच्या आत-बाहेर दोरा लागतो. लाल किंवा गडद निळा घेतलात तर आधी धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, नाहीतर पाहुण्यांच्या हातावर रंगपंचमी.

विणायचं? अहो, तुम्हाला साखळी येते ना? मग आलंच. 10 इंच भरेल एवढी साखळी घाला, संख्या सम ठेवा. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला टाका, वेढा न घेता घालतो तो आखूड टाका. मग एक साखळी, एक घर सोडा, पुढच्यात टाका. एक साखळी, एक घर सोडा, टाका. ओळ संपली की दोन साखळ्या घालून वळा, आणि आता टाका घालायचा तो खालच्या ओळीतल्या साखळीच्या पोकळीत, टाक्याच्या डोक्यावर नाही. सगळी गंमत त्या पोकळीत आहे. त्यानं काय होतं, टाके एकमेकांच्या फटीत बसतात, कापड दाणेदार होतं, हे बघा, बोट फिरवा, लागतात ना दाणे? भोकं मोठी नाहीत, कापड मऊ, आणि पाणी धरायला हे दाणेच कामी येतात. उंच खांबांचं विणलं तर भराभर होतं खरं, पण मधून बोटं बाहेर येतात. आणि हात सैल ठेवा. घट्ट विणणाऱ्या बाईचा नॅपकिन पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

12 इंच झालं की वरचा भाग. इथं ओळीभर दोन-दोन टाके एकत्र घ्यायचे, म्हणजे रुंदी निम्मी. दोन ओळी साध्या. परत दोन-दोन एकत्र. असं करत दोन इंचांवर आणा, परकराच्या चुण्यांसारखं गोळा होत येतं. मग दोन इंची पट्टा सरळ विणत जायचं, साखळी-बिखळी नाही, नुसते आखूड टाके दाटीनं, कारण सगळा भार त्याच्यावर. चार-पाच इंच झाला की मधले दोन टाके सोडायचे, त्या जागी दोन साखळ्या, झालं काज. वर आणखी दोन ओळी. पण पट्टा दांडीला गुंडाळून बघितल्याशिवाय काज करू नका, दांडी किती जाड आहे त्यावर सगळं. आणि असा बेतानंच ठेवा, सूत ओलं होऊन लटकलं की स्वतःच्याच वजनानं उतरतं. बटण बसवायचं पट्टा सुरू होतो तिथं, कोटाचं जाडजूड. शर्टाचं बटण दुसऱ्या दिवशी काजातून निसटतं.

आणि एवढं नकोच असेल तर सोपी वाट आहे. तुमच्याकडे कारखान्यातले डागी टॉवेल किलोवर येतात ना? त्यातला एक आडवा मधोमध कापा, कापलेली कड दुमडून शिवा, मग जाड सुईनं कडेवर पाव-पाव इंचावर टाके घाला, आणि त्या टाक्यांत क्रोशाची सुई घालून फक्त वरचा चुणीचा भाग आणि पट्टा विणा. खाली तुमच्या सासऱ्यांचा टेरी, वर माझा क्रोशा. एका टॉवेलचे दोन होतात. पुसायला तर मला तेच जास्त पसंत आहेत, खोटं कशाला बोलू. अख्खा विणलेला दिसतो छान, अर्धा विणलेला पुसतो छान.

विकायचं? नाव काढू नका. ती कोपऱ्यावरची आहे ना, हो तीच, जिन्यावर ग्रॅनाइट लावलेली. आली होती. म्हणाली, "दहा नग द्या, वास्तुशांतीला वाटायचेत. 60 रुपयाला एक परवडेल ना? तुम्हाला काय, बसल्या बसल्या होतंय." 60 रुपयांत दोरा येत नाही हो! माझी थोरली समाजशास्त्रात एम.ए. करतेय, ती घरातच होती, ती नुसती पेटली. तिला अभ्यासाला एक पुस्तक आहे, मारिया मीस नावाच्या जर्मन बाईंचं, 1982 सालचं. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडं नरसापूर म्हणून गाव आहे, तिथं मिशनऱ्यांनी शिकवल्यापासून घरोघर बायका क्रोशाची लेस करतात, परदेशी जाते ती. त्या बाईंनी लिहिलंय म्हणे, ह्या दिवसचे दिवस विणतात, पण व्यापारी म्हणतात त्या काय गृहिणीच, फावल्या वेळात करतात, आणि त्या नावाखाली मजुरी नखाएवढी. पोरगी म्हणाली, "आई, ही कोपऱ्यावरची काकू त्या पुस्तकातलीच आहे." आणि ऐका, आमचे हे सांगतात, विणकामाची यंत्रं आली, लेसची आली, पण खरा क्रोशा जसाच्या तसा काढणारं यंत्र काही बाजारात नाही. म्हणजे मॉलमध्ये 400 रुपयाला क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला तर तोही कुठल्यातरी बाईनं बसल्या बसल्याच केलेला. तिला त्यातले किती मिळाले असतील, करा हिशेब.

तुमच्याशी हिशेब नाही हो, तुम्ही गप्प बसा. तुम्ही मला डागी टॉवेल द्या अर्धा डझन, पांढरे नकोत, त्यातले तीन तुमचे तीन माझे. चटणी दिलीत तर ती वर. उद्या दुपारी बसू तुमच्या व्हरांड्यात, वळायचं कुठं ते दाखवते, सुई माझ्याकडे जास्तीची आहे.

थांबा. मागे वळू नका एकदम. ती बघा कोपऱ्यावरची, बाहेर पडली, इकडेच येतेय. तो नॅपकिन घ्या आत, पदराखाली घ्या हो! विचारलंच तर म्हणा, काकूंचे डोळे दुखतात, हल्ली विणणं बंद आहे.